बोटावरचा आकडा आणि रक्तवाहिनीचं अस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, कारखान्यात तीन पाळ्यांचं काम, बीपीची एक गोळी चालू, ईसीजी आणि ट्रेडमिल ठीक. रात्रपाळी संपवून सकाळी साडेसातला कंपनीच्या आरोग्य तपासणीला गेलात, वाटेत चहा झाला. थंडगार एसी खोलीत दोन्ही हातांच्या बोटांना टोप्या लावून आणि एका हाताला पट्टा आवळून पंधरा मिनिटांची चाचणी झाली. रिपोर्टवर आकडा आला १.५२, त्याखाली लाल पट्टी आणि 'एंडोथेलियल डिसफंक्शन' असा शेरा. तिथल्या माणसाने 'नसांचं अस्तर खराब झालंय' म्हणत वीस सलाईनचा कोर्स आणि एक पावडर सुचवली. हे अस्तर खरंच असं मोजता येतं का, आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

अस्तराचं काम मोजता येतं. मी अठरा वर्षं तेच करतोय, आधी संशोधनासाठी सोनोग्राफीवर आणि आता बरंचसं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत. पण तुमच्या १.५२ वरून तुमच्या रक्तवाहिन्यांबद्दल मी एक अक्षरही सांगू शकत नाही. ते यंत्र खोटं आहे म्हणून नव्हे. ज्या अवस्थेत ते तुमच्या बोटांवर चढवलं, त्या अवस्थेत कुणाचंही अस्तर रुसलेलंच दिसलं असतं. हे नीट समजावं म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो, तो म्हणजे एंडोथेलियम. आपण त्याला अस्तर म्हणतो आणि डोळ्यांसमोर कोटाच्या आतलं कापड येतं, पण हा थर सतत कामात असतो. रक्त वाहताना त्याच्यावर जे घर्षण होतं, ते त्याला कळतं. प्रवाह वाढला की या पेशी आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. हा वायू काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूत शिरून त्याला सैल करतो आणि धमनी रुंदावते. हाच वायू प्लेटलेट्सना भिंतीला चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना आत घुसू देत नाही. कोलेस्टेरॉलचा थर जमण्याच्या कितीतरी आधी हे काम मंदावतं. म्हणून ते मोजण्यात आम्हाला एवढा रस.

हे कळलं कसं, ते मी शिकाऊ डॉक्टरांना दर वर्षी सांगतो, कारण चाचणीचं सगळं तर्कशास्त्र त्यातच आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. ॲसिटिलकोलीन हे औषध टाकलं की त्या पट्ट्या आकुंचन पावत. जिवंत शरीरात मात्र त्याच औषधाने रक्तवाहिन्या रुंदावतात, हे आधीपासून माहीत होतं. मग असं उलटं का? पट्ट्या कापताना आतली बाजू घासली जात होती आणि अस्तर निघून जात होतं! अस्तर शाबूत ठेवून कापलेला तुकडा सैल पडला. अस्तर नसलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी चिकटवून ठेवली, तर पहिलीही सैल झाली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरतंय. १९८० साली त्यांनी आणि सहकारी झवाड्झ्की यांनी हे प्रसिद्ध केलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे १९८७ पर्यंत स्पष्ट झालं, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की अस्तराची परीक्षा नेहमी त्याला काहीतरी काम देऊन घ्यावी लागते. नुसतं बघून ते कळत नाही. काम दोन तऱ्हांनी देता येतं: औषधाने किंवा रक्ताच्या प्रवाहाने.

प्रवाहाची युक्ती लंडनमध्ये सेलरमायर, डीनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली. हाताचा रक्तपुरवठा पाच मिनिटं बंद करायचा, मग एकदम सोडायचा. उपाशी राहिलेल्या हाताकडे रक्त धावतं, दंडातल्या धमनीच्या अस्तरावर घर्षण वाढतं, आणि अस्तर धडधाकट असेल तर धमनी रुंदावते. किती टक्के रुंदावली ते सोनोग्राफीवर मोजायचं. याला आम्ही एफएमडी म्हणतो. सुई नाही, अस्तराला काम द्यायला औषध नाही, लहान मुलांवरही करता येते. त्यांनी ती मुलांवर केलीच होती: जन्मतः कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या मुलांमध्ये धमन्या अजून स्वच्छ असतानाच हा प्रतिसाद कमी पडला होता.

ऐकायला सोपी, पण करायला फार नाजूक चाचणी आहे ही. दंडातली धमनी साधारण चार मिलिमीटर रुंद असते. सहा टक्के रुंदावली म्हणजे ४.०० ची ४.२४ झाली. एक टक्का म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आता सोनोग्राफीचा प्रोब हातात धरून पाच-सात मिनिटं तेवढ्या अचूकतेने धमनीच्या मध्यरेषेवर राहायचं. पट्टा सोडला की पेशंटच्या हाताला मुंग्या येतात आणि हात आपोआप हलतो. प्रोब जरा तिरका झाला की धमनी अरुंद दिसते, जरा जास्त दाबला तर चपटी होते. म्हणून प्रोब हातात न धरता स्टँडला बांधतात, चित्र ईसीजीशी जुळवून हृदयाच्या ठरावीक क्षणाचं घेतात, आणि भिंती ओळखायचं काम माणसाच्या नजरेवर न सोडता सॉफ्टवेअरकडे देतात. स्वतंत्रपणे चाचणी करण्याआधी माणसाने निदान शंभर चाचण्या देखरेखीखाली कराव्यात आणि पुढे दर वर्षी शंभर तरी करत राहाव्यात, असं २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे. माझ्या पहिल्या चाळीसेक चाचण्या मी संशोधनात धरल्या नाहीत. पुन्हा रेकॉर्डिंग बघताना माझी मध्यरेषा सुटलेली मला दिसत होती. वाईट वाटलं, पण ते आकडे ठेवणं अप्रामाणिक झालं असतं.

पट्टा कुठे बांधला यानेही अर्थ बदलतो. कोपराच्या खाली, म्हणजे धमनी मोजतो त्याच्या पुढे बांधला, तर जो प्रतिसाद मिळतो तो बराचसा नायट्रिक ऑक्साइडचा असतो. पट्टा दंडावर, मोजायच्या जागेच्या वर बांधला, तर धमनी जास्त रुंदावते, आकडा छान दिसतो, पण त्यात इतर घटकांची भेसळ होते. पट्ट्याचा दाब वरच्या बीपीपेक्षा निदान ५० ने जास्त हवा. शेवटी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन पुन्हा मोजतात. ते औषध अस्तराला वगळून थेट स्नायूला सैल करतं. त्यानेही धमनी रुंदावली नाही, तर दोष स्नायूत आहे, अस्तराला बोल लावता येत नाही. बीपी कमी असलेल्यांना आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा गटातली) गोळी घेतलेल्यांना ते देत नाहीत, आणि हे विचारायला संकोच करून चालत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, तयारीवर. एफएमडीआधी निदान सहा-आठ तास उपाशी, चहा-कॉफी नाही, सिगारेट, तंबाखू, मशेरी काही नाही, आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम नाही. खोली शांत, अंधुक, साधारण २२ ते २४ अंशांची. पेशंट पंधरा-वीस मिनिटं पडून राहिल्याशिवाय पट्टा फुगवायचा नाही. बायकांमध्ये मासिक पाळीचा कोणता दिवस आहे तेही लिहायचं, कारण इस्ट्रोजेनबरोबर आकडा वर-खाली होतो. हे सोवळं वाटेल, पण प्रत्येक अटीमागे कारण आहे. एकच तेलकट-तुपकट जेवण काही तासांपुरता प्रतिसाद पाडतं, हे १९९७ मध्येच दाखवलं गेलं. रात्रभर ड्युटी केलेल्या डॉक्टरांची चाचणी घेतली, तर त्यांचाही आकडा उतरलेला मिळाला. तब्येतीने ठणठणीत डॉक्टर होते ते. तुम्ही रात्रपाळी करून गेला होतात, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

तुमची चाचणी एफएमडी नव्हती. बोटांच्या टोप्यांची चाचणी वेगळी आहे. त्यात बोटाच्या टोकाला येणाऱ्या ठोक्याची उंची मोजतात, पट्टा सोडल्यावर ती किती वाढली ते बघतात, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाशी भागून एक निर्देशांक काढतात. तो १.६७ च्या खाली आला की 'डिसफंक्शन' म्हणायचं, अशी रेषा आखलेली आहे. हृदयाच्या धमन्यांचं अस्तर तपासलेल्या रुग्णांवर ती बेतली होती, आणि तेव्हाही ती सगळ्यांना अचूक वेगळं करू शकली नव्हती. फायदा असा की यंत्र स्वतःच हिशेब करतं, चाचणी घेणाऱ्याचं कसब कमी लागतं. म्हणूनच ती तपासणी शिबिरांत पोचली. पण बोटाच्या टोकाची गोष्ट दंडापेक्षा वेगळी आहे. तिथल्या बारीक वाहिन्या थंडी, भीती, ताण यांना लगेच दाद देतात. थंडीत बोटं पांढरी पडतात ती याचमुळे. त्या प्रतिसादात नायट्रिक ऑक्साइडचा वाटा साधारण निम्माच असतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयाच्या अभ्यासातल्या लोकांवर दोन्ही चाचण्या केल्या, तेव्हा दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळलेच नाहीत. म्हणजे दोन्ही चाचण्या 'अस्तर' म्हणतात, पण वेगवेगळ्या वाहिन्यांचं वेगवेगळं वागणं मोजतात. जागरण, चहा, गार खोली आणि अनोळखी यंत्र, एवढं सगळं एकत्र आल्यावर १.५२ आला यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नीट झोपून, उपाशी जाऊन पुन्हा करू का? तसा विचार मनात येणं साहजिक आहे, पण माझं उत्तर नको असंच आहे. हजारो लोकांच्या आकड्यांचा एकत्र अभ्यास केला, तर एफएमडी एक टक्क्याने जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या घटना साधारण १३ टक्क्यांनी कमी दिसल्या, असं २०१० च्या एका मोठ्या संकलनात आलं. समूहासाठी हे खरं आहे. पण एकाच माणसाचा आकडा दोन वेगळ्या दिवशी एक-दोन टक्क्यांनी सहज हलतो. शंभर जणांना एक औषध आणि शंभर जणांना दुसरं देऊन सरासरी काढायची असेल, तेव्हा ही चाचणी सोन्यासारखी आहे. एका माणसाला 'तुझं अस्तर खराब' असं सांगायला ती पुरत नाही. त्याच २०१० साली अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी लक्षणं नसलेल्या माणसाचा धोका ठरवायला एफएमडी वापरू नये, असं स्पष्ट लिहिलं. मी ही चाचणी हाताने केली आहे, तिच्यावर माझं प्रेम आहे, आणि तरी मला ते म्हणणं पटतं.

जाता जाता एक सांगतो. शिबिरांत 'अस्तराची तपासणी' म्हणून कधी नाडीच्या लाटेचा वेग मोजतात, कधी मानेच्या धमनीच्या भिंतीची जाडी. पहिल्यातून धमनी किती ताठ झाली ते कळतं, दुसऱ्यातून भिंत किती जाड झाली ते. दोन्ही कामाच्या गोष्टी आहेत, पण अस्तर काम करतंय की नाही हे त्यांतून कळत नाही.

मग अस्तराची परीक्षा एका माणसासाठी खरोखर निर्णायक कधी ठरते? ज्याला छातीत दुखतं आणि ज्याची अँजिओग्राफी स्वच्छ आहे, त्याच्यासाठी. त्याच्यासाठी म्हणण्यापेक्षा तिच्यासाठी म्हणायला हवं, कारण यात बायका फार असतात. पन्नाशीची बाई येते, जिना चढताना छाती आवळते, पहाटे दुखून जाग येते. अँजिओग्राफी होते, 'ब्लॉकेज नाही' म्हणतात, आणि पुढचं वाक्य असतं 'टेन्शन घेऊ नका'. घरातले म्हणतात, मनाचे खेळ आहेत. ती दोन-तीन वर्षं हे ऐकत राहते आणि शेवटी स्वतःही तेच मानायला लागते. याचा मला अजूनही राग येतो.

१९८६ मध्ये लुडमर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या हृदयाच्या धमनीत थेट ॲसिटिलकोलीन सोडून बघितलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. आजारी धमन्या, अगदी थोडाच थर असलेल्याही, आकसल्या. फर्चगॉटच्या सशाचीच गोष्ट पुन्हा, यावेळी जिवंत माणसात. आज कॅथलॅबमध्ये आम्ही हेच करतो: डाव्या धमनीत वाढत्या मात्रेत, २०, ५०, १०० मायक्रोग्रॅम असं ॲसिटिलकोलीन सावकाश सोडतो. प्रत्येक मात्रेनंतर चित्र, ईसीजी, आणि पेशंटला एकच प्रश्न, 'तुम्हाला घरी दुखतं तसंच दुखतंय का?' मोठी धमनी ९० टक्के किंवा जास्त आकसली, ईसीजी बदलला आणि तेच दुखणं आलं, तर तो स्पॅझम. मोठी धमनी तशी आकसली नाही, पण ईसीजी बदलला आणि दुखणंही आलं, तर दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांत. जोडीला ॲडिनोसीन हे वाहिन्या रुंदावणारं औषध देऊन प्रवाह किती पटींनी वाढतो तेही मोजतो. दुपटीलाही पोचला नाही, तर बारीक वाहिन्या ढिलाई द्यायला तयार नाहीत. परीक्षा आटोपली की धमनीत नायट्रोग्लिसरीन सोडून ती मोकळी करतो. जोखीम शून्य नसते: ठोके मंदावतात, क्वचित लय बिघडते. म्हणून ही चाचणी सरावलेल्या टीमने, सगळी तयारी ठेवूनच करावी. आपल्याकडे ती अजून मोजक्याच ठिकाणी होते.

त्याने फरक पडतो का? स्कॉटलंडमध्ये अशा १५१ रुग्णांवर एक चाचणी-प्रयोग झाला, २०१८ मध्ये निकाल आले. अर्ध्यांमध्ये डॉक्टरांना हे निष्कर्ष कळवून त्यानुसार उपचार केले, अर्ध्यांमध्ये निष्कर्ष झाकून ठेवले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं छातीचं दुखणं आणि जगणं स्पष्टपणे सुधारलं. स्पॅझम असेल तर कॅल्शियम चॅनेल गटातली गोळी. तिथे बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी, दिली तर त्रास वाढू शकतो. म्हणजे कोणता दोष आहे हे कळल्याशिवाय गोळी निवडणं अंदाजपंचे होतं. माझ्या टेबलवर एका बाईला ५० मायक्रोग्रॅमला तेच दुखणं आलं आणि ईसीजीची रेषा खाली गेली. त्या रडल्या, आणि मला वाटलं दुखण्याने. त्या म्हणाल्या, 'म्हणजे खरंच होतं ना डॉक्टर, मी खोटं नव्हते सांगत.' तुमच्या घरात किंवा ओळखीत अशी कुणी असेल, तर अस्तराच्या चाचणीवरचे पैसे तिच्यासाठी खर्च व्हायला हवेत.

तुमच्याकडे परत येतो. त्या सलाईनच्या बाटलीत ईडीटीए (धातू आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) आहे का, ते विचारा. 'चिलेशन' या नावाने ते देतात, अस्तर साफ होतं असं सांगून. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे हजार मधुमेहींवर ४० साप्ताहिक सलाईन देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल २०२४ मध्ये आले. काहीही फायदा दिसला नाही. चुकीच्या प्रकारचं ईडीटीए घाईने दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. पावडर बहुधा एल-आर्जिनिन असेल. कल्पना मोहक आहे: कच्चा माल वाढवा, नायट्रिक ऑक्साइड वाढेल. पण अटॅकनंतरच्या १५३ रुग्णांवर ती देऊन पाहिली, तेव्हा आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. तो अभ्यास थांबवावा लागला, २००६ ची गोष्ट. तुम्हाला अटॅक आलेला नाही, हे खरं. तरी विनाकारण का घ्यायची?

अस्तर सुधारतं ते कशाने, याचे पुरावे साध्या गोष्टींचे आहेत. जर्मनीत लाइपझिगला हृदयरोग्यांना चार आठवडे रोज व्यायाम करायला लावला आणि आधी-नंतर ॲसिटिलकोलीन सोडून पाहिलं. धमन्यांचं आकसणं स्पष्ट कमी झालं होतं. तंबाखू सुटणं, बीपी ताब्यात येणं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल उतरणं, यांनीही अस्तराचा प्रतिसाद सुधारतो. आपल्या लोकांना हे जरा लवकर सुरू करावं लागतं. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या निरोगी पुरुषांचा एफएमडी तिथल्या गोऱ्यांपेक्षा कमी असल्याचं १९९९ मध्ये दिसलं होतं, आणि पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगातली लपलेली चरबी वर्षानुवर्षं दाखवून दिली आहे. वजनकाटा ठीक सांगतोय म्हणून कंबर मोजायची सोडू नका.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, रात्रभर झोपून झाल्यावर, सकाळी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण करून घ्या. शेवटची तपासणी स्वस्त आहे आणि कुणी आवर्जून सांगत नाही, पण मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांचं अस्तर झिरपायला लागलं की अल्ब्युमिन लघवीत उतरतं. हे प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली हवं. बीपी घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा, आणि रात्रपाळीच्या आठवड्यातले आकडे वेगळ्या पानावर ठेवा. ती वही आणि हे तीन रिपोर्ट घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. बोटाच्या टोपीचा तो लाल पट्टीचा कागद न्यायची गरज नाही.